फट बुजली

कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात सिरिल बॅग्नलनं बत्तीस वर्षं सीटा शिवल्या, कापडी टप चढवले. पान्याला हात लावला नाही. पाना फिटरचा, सुई शिवणाऱ्याची. कुणी दुसऱ्याच्या कामात बोट घातलं की अख्खी पाळी काम टाकून बाहेर पडायची. मालकांशी भांडून मिळवलेली ही शिस्त तो निवृत्तीनंतरही तळहातावरच्या फोडासारखी जपायचा.

त्याचा मेहुणा गॉर्डन आपली जुनी, कापडी टपाची गाडी घेऊन आला.

"टप गळतो. इनिड बसायलाच तयार नाही. म्हणते, यापेक्षा छत्री घेऊन सायकलवर बरी."

"माझी बहीण आहे. खोटं बोलायची नाही."

काचेवरचं रबर कुणीतरी ताणून बसवलं होतं. ताणलेलं रबर आखडतं, कोपऱ्यात फट पडते. सिरिलनं नवं रबर बोटभर लांब कापलं, दाबत दाबत बसवलं. कडेला खडू फासून टप लावला, काढला. रबरावर उमटलेली खडूची रेघ कुठंच तुटली नव्हती. आत बसून त्यानं सिगारेट ओढली. धूर जागचा हलला नाही.

उतरताना पायाशी पत्र्यात भोक दिसलं, कडा काजळलेल्या. म्हणजे खालचा धुराचा पाइप चिरला होता.

"हे फिटरला दाखव."

"दाखवतो. समुद्रावरून आलो की."

रबराचा तुकडा, गोंद, सगळं हाताशी होतं. सिरिलनं हात पुसले.

रविवारी गॉर्डन आणि इनिड वेल्सच्या समुद्राकडे निघाली. पाऊस होता. काचा बंद, हीटर चालू. गॉर्डननं सिगारेटपुरती आपल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवली होती, म्हणून तो वाचला. इनिडला झोप लागली असं त्याला वाटलं. चहाला थांबल्यावर तो तिला हलवत बसला.

इनिडच्या मृत्यूच्या चौकशीत अधिकाऱ्यानं विचारलं, "आजवर हा विषारी धूर वरच्या फटींतून जात होता. त्या तुम्ही बुजवल्या. खालचं भोक दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"ते फिटरचं काम."

गॉर्डननं मान वर केली नाही. बाहेर युनियनचा जुना पुढारी परसी हॉब्ले भेटला. त्यानं सिरिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर बोललास, गड्या. नियम म्हणजे नियम."

यापेक्षा त्यानं तोंडावर थुंकायला हवं होतं, असं सिरिलला वाटलं. पण परसी मनापासून बोलत होता.