मीठवाल्या बाबाचं नाव

रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी भरताचं आख्यान लावलं होतं. पादुका पुढ्यात ठेवून चौदा वर्षं वाट पाहणारा भरत त्यांनी असा काही उभा केला, की बाभुळगावच्या मारुतीपुढं बसलेली माणसं उपरण्यानं डोळे टिपत होती. मागं टाळ धरून उभा असलेला देवसिंगही टिपत होता. जन्मोत्सव झाला, सुंठवडा वाटला आणि बायकांतून त्याची म्हातारी आई सुखीबाई काठी टेकत आली.

"बुवा बेस सांगतेत," ती म्हणाली. "पन त्या भरताले चौदाच वर्सं बसा लागलं. मले एक्केचाळीस झाले. माहं आख्यान कोन लावन?"

बायका हसल्या. देवसिंगाला हसू आलं नाही.

त्याचा बाप भीमसिंग मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली चार बैलांवर मीठ लादून निघाला, तो घरी पोचलाच नाही. तेव्हा त्यांचा लमाणांचा तांडा केळापूरकडं होता आणि देवसिंग पाळण्यात. पुढं दहा वर्षांनी तांडा इकडं बाभुळगावजवळ येऊन शेतीला लागला. भीमसिंगाचा ना निरोप आला, ना बैल आले. नवरा गेला की बाईनं दंडातला हस्तिदंती चुडा उतरवायचा, ही तांड्याची चाल. पण गेला असं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून सुखीबाईचा चुडा दंडात तसाच राहिला.

तांड्याच्या वाटेवर ती मधेच थांबली.

"देवसिंग, माह्यानं आता पुढची रामनवमी होत नाही. चितेवर मले चुड्यासंग ठेवशील का बिनचुड्याची, येवढं सांगून दे. खोटं लेवून देवापुढं कशी उभी राहू?"

दुसऱ्या दिवशी देवसिंग भजनाला गेला, तेव्हा त्यानं आईचं बोलणं देवराव कोतवालाच्या कानावर घातलं. देवराव पेन्शनीत निघालेला माणूस, वीणा धरायचा.

"वीस वर्सं झाले माह्या बाजूले टाळ कुटून राह्यला," देवराव म्हणाला, "अन् मले आज सांगतं? अरे, गावात मेलेला माणूस कोतवालाच्या बुकात चढतेच. मानमोडीचे बुकं यवतमाळले पडले असतीन. चाल."

यवतमाळच्या कचेरीत दोन दिवस त्यांनी धूळ खाल्ली. त्या साली माणसं इतकी मेली होती, की कोतवालांची अक्षरं पुढं पुढं वाकडी होत गेलेली. केळापूरकडची बुकं झाली, वाटेवरच्या गावांची झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी देवरावाचं बोट एका ओळीवर थांबलं.

"भीमसिंग, जात लमाण, वय अदमासे तीस. मिठाचे बैल घेऊन आला. ताप. जब्बार पिंजाऱ्याच्या पडवीत मयत. नाल्याकाठी पुरला."

"कोन्या गावी?"

देवरावानं वरचं नाव पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला.

"आपल्याच. बाभुळगाव."

तीस वर्षं देवसिंग ज्या गावाच्या बाजाराला जात होता, त्याच गावच्या मातीत बाप होता!

जब्बार केव्हाच गेला होता. त्याचा मुलगा बशीर घरी कापूस पिंजत बसलेला सापडला. भीमसिंगाचं नाव ऐकताच त्याच्या हातातला धुनका थांबला.

"आले का त्याचे मानसं?" तो उठलाच. "अब्बा मरेपर्यंत म्हनत व्हते, येतीन. मी पंधरा वर्साचा व्हतो. त्यानं मरताना नाव तेवढं सांगितलं, गाव नाही सांगू शकला. बैलं बी त्याच तापाच्या धांदलीत कुठं गेले, कोन जाने. चाल, दाखवतो."

बशीर पुढं, देवसिंग मागं. नाल्याची वाट लागली. चिंच दिसली. चिंचेखाली कबरीवर हिरवी चादर, उशाशी मिठाचा ढीग.

"बशीरभाई, हे तं मीठवाले बाबा."

"लोकं म्हनतेत. अब्बानं खुनेसाठी मूठभर मीठ ठेवलं व्हतं. मीठवाल्याचं मानूस आलं तं वळखन म्हून. लोकांनी त्याच्यावर मीठ वाह्यलं, नवस बोलले. अब्बा नाही म्हनू नाही शकले."

मिठाच्या ढिगाशी आरसे टाचलेली एक लाल पुरचुंडी होती. देवसिंगानं ती ओळखली. आईच्या फाटक्या घागऱ्याचा तुकडा. गेल्याच गुरुवारी ती इथं आली होती. दर गुरुवारी यायची. आणि गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तो तिला टोचून बोलायचा, "माळकऱ्याच्या याडीनं पिराले मीठ वाहावं का?" तो स्वतः इथं कधी फिरकला नव्हता.

"ही पुरचुंडी माह्या याडीची हाय," तो कसाबसा म्हणाला.

बशीरचा चेहरा पांढरा पडला. "चुडेवाली बुढी माय? या अल्ला! मी इथं दिवा लावाले येतो, दरवेळी इचारलं तिले, घरच्याचं नाव सांग, दुवा मांगतो. तं पदर तोंडाशी धरे. बाई नवऱ्याचं नाव घेते का, म्हने. देवसिंगचा बाप म्हन. मी... मी इथंच हात पसरून मांगत व्हतो, देवसिंगच्या बापाले घरी धाड."

देवसिंग तसाच घराकडं वळला.

घरी आई ज्वारी पाखडत होती.

"याडी, बा सापडला."

सूप हातातून पडलं. "कुठं हाय? जेवला का?"

त्याला सारं सांगावं लागलंच. ती ऐकत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. पुरचुंडीचं सांगितल्यावर मात्र तिनं हात वर केला, पुरे.

"गाडी जुंप."

चिंचेखाली आल्यावर ती नेहमीसारखी माथा टेकायला गेली नाही. चार हात दूर बसली, घुंगट ओढला. नवऱ्यापुढं बसावं तशी. बशीर टोपी सावरून बाजूला झाला. वारा पडला होता.

"भीमसिंग!"

उभ्या जन्मात देवसिंगानं आईच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. तिनं ते नांगरावरच्या माणसाला बांधावरून हाक मारावी तसं घेतलं, संतापून. मग पुन्हा, हळू. "भीमसिंग. एक डाव घेतलं असतं तं..."

पुढचं तिला बोलवलं नाही. तिनं घुंगट मागं सारला आणि दंड मुलापुढं केला.

"काढ."

चुडा दंडात घट्ट बसला होता. बशीरनं लोट्यातलं पाणी ओतलं, तेव्हा कुठं एकेक बांगडी कोपरावरून सरकली. चुड्याखालच्या कातडीला एक्केचाळीस वर्षं ऊन लागलं नव्हतं. सुरकुतल्या दंडावर तेवढाच पट्टा गोरा, कोवळा, नव्या नवरीचा असावा तसा. सुखीबाई त्याच्याकडं बघतच राहिली, जणू तो दंड तिचा नव्हताच.