बिनचिठ्ठीच्या बरण्या

मावशीने चौथी बरणी उघडली, नाकाला लावली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. बरणीत मसाला आहे की नुसती हवा, तेही कळेना. तिने झाकण लावलं आणि पाचवी घेतली. तेच. ओट्यावर एकवीस बरण्या ओळीने मांडल्या होत्या, आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठी लावायची कधी गरजच पडली नव्हती म्हणा. जिला सबंध मसाल्याचा कारखाना ‘नाकमावशी’ म्हणतो, तिने घरच्या बरण्यांवर नावं लिहायची म्हणजे पोटच्या पोरांच्या गळ्यात पाट्या अडकवण्यासारखं. सत्तावीस वर्षं ती कारखान्यात खिडकीजवळच्या स्टुलावर बसून पोत्यांतला माल मुठीत घेऊन हुंगत आली होती. ‘जाऊ दे’ म्हणाली की पोतं आत, ‘नको’ म्हणाली की पोतं आल्या वाटेने परत. मोठ्या मालकांनी तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. ते गेल्यावर त्यांची मुलगी मालकीण झाली, तिनेही ती रीत मोडली नाही.

आणि तेच नाक गेलं होतं. अकरा दिवसांपूर्वी बारीक ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वासाला सोबत घेऊन गेली. पहिले दोन दिवस मावशीला वाटलं, येईल परत, जातोय कुठे. मग तिने साबण हुंगून पाहिला, फिनेल हुंगलं, संडासात उभं राहून कागद जाळून पाहिला. तिने कोणापाशी ब्र काढला नव्हता. डॉक्टरकडेही गेली नव्हती. तो ‘आता विसरा’ म्हणाला तर काय करायचं, या भीतीने तिची पावलं दवाखान्याच्या दारातून दोनदा मागे फिरली होती.

कामावर मात्र रोज जात होती. मूठ नाकाशी न्यायची, दोन क्षण थांबायचं, मालाचा रंग बघायचा, समोरच्याचं तोंड बघायचं आणि म्हणायचं, जाऊ दे. काल जिऱ्याची चाळीस पोती आली. पॅकिंगमध्ये एक बाई होती, चाळिशीची, पण आवाज एवढासा म्हणून सगळ्याजणी तिला चिमणी म्हणायच्या. ती हळूच म्हणाली, “मावशी, जरा कुबट येतंय का हो?”

घाबरलेलं माणूस करतं तेच मावशीने केलं. सगळ्यांदेखत ती चिमणीवर खेकसली, “नाक तुझं मोठं की माझं?” बाकीच्या हसल्या. चिमणी खाली मान घालून पाकिटं मोजायला लागली. पोती आत गेली. उद्या दुपारी ते जिरं दळून गावभर जाणार होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुरे होतं. पण निघताना मालकीणबाईंनी गोठवलेल्या दाण्यांच्या दोन पिशव्या तिच्या हातात दिल्या. “परवा अकराला मोठ्या दुकानांची खरेदी बघणारे येतायत, मावशी. त्यांना तळलेलं काही नकोय, पौष्टिक हवंय. हे एडामामे घरी भाजून, तुमचा मसाला लावून आणा. तुमच्या हाताला कोण नाव ठेवणार?”

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी ओट्यापाशी उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काय गं, बरण्यांची परेड काढलीस का?” नवरा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आता स्टिअरिंग नाही तर जिभेवरच गाडी चालवायचा.

“एडामामे करतेय.”

“कोण?”

“एडामामे. कोवळं हिरवं सोयाबीन असतं. त्याचे सोललेले दाणे.”

“येडा मामा म्हण की सरळ. आमच्या डेपोत एक होता.”

एरवी मावशीने त्याला पेपरासकट बाहेर घालवलं असतं. आज ती हसली, तेही जरा उशिरानेच. नवऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसला.

भाजण्यापर्यंतचं काम डोळ्यांचं आणि हातांचं होतं, त्यात भ्यायचं कारण नव्हतं. तिने मिठाच्या पाण्यात एका पिशवीतले दाणे चार मिनिटं उकळले, निथळले, जुन्या पंच्यावर पसरून एकेक दाणा कोरडा होईपर्यंत टिपले. पाणी राहिलं की दाणे भाजत नाहीत, नुसते वाफेत बसून राहतात. मग एक चमचा तेल चोळून ट्रेमध्ये एकावर एक येणार नाहीत असे पसरले आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. दर दहा मिनिटांनी ट्रे हलवायचा. आधी दाणे नुसते घसरत होते, अर्ध्या तासाने खडखड वाजायला लागले. कान तरी शाबूत आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि त्याने आणखीच रडू फुटेल असं वाटलं.

मसाला शेवटी, दाणे गरम असताना. ओव्हनमध्ये घातला तर करपतो. तिखट रंगावरून कळलं. मिरपूड भरडीवरून कळली. आमचूर जिभेवर आंबट लागला, काळं मीठ खारट. राहिलं जिरं. ओट्यावर दोन बरण्यांत भुरकट हिरवी पूड होती, दिसायला सख्ख्या बहिणी. तिने दोन्हींतली चिमूट जिभेवर ठेवली. दोन्ही नुसत्या भुशासारख्या लागल्या. दाणे गार होत चालले होते. जिरं मी नेहमी डाव्या हाताला ठेवते, असं तिने स्वतःला बजावलं आणि डावीकडच्या बरणीतली दीड चमचा पूड भुरभुरली. सकाळी आपणच बरण्या दोनदा मागेपुढे केल्या हे तिला ठाऊक होतं. तरी तिने भुरभुरली.

वाटीत घालून नवऱ्यापुढे ठेवलं. “बघा बरं.”

त्याने मूठभर तोंडात टाकले. “छान.”

मावशीने डोळे मिटले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिचा भात तळापासून करपला होता, तेव्हाही हा माणूस ‘छान’ म्हणाला होता. त्यानंतर मीठ विसरलं तरी छान, दोनदा पडलं तरी छान. तेहतीस वर्षं घरात भांडण नको म्हणून त्याने हा एकच शब्द वापरला होता आणि तिला तो गोडही वाटत होता. आज त्या शब्दाचा काडीचा उपयोग नव्हता.

“नीट सांगा. कुरकुरीत झालेत ते मलाही कळतंय. वास कसा येतोय?”

“चांगला येतोय की.”

“कसला चांगला?”

“मसाल्याचा गं. छान झालंय. उगाच काय उलटतपासणी?”

घरात दोघं, ओट्यावर एकवीस बरण्या आणि एक गच्च भरलेली वाटी, आणि त्यात काय आहे ते सांगणारं कोणी नाही. उद्या ही वाटी परक्या माणसांपुढे जाणार. त्यामागोमाग जिरं गावभर जाणार. कोणी खाईल, कोणाचं पोट बिघडेल, मग विचारतील, हे कोणी पास केलं? तिने ओट्याची कड धरली.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. नवऱ्याने चावणं थांबवलं. वाटी खाली ठेवली.

“माहितेय,” तो म्हणाला.

“काय माहितेय?”

“चौथ्या दिवशी दूध उतू जाऊन करपलं. सगळ्या घरात करपट वास सुटला होता आणि तू बाहेरच्या खोलीत बसून भाजी निवडत होतीस. आणि त्यानंतर दोन दिवसांनी गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं. मी बंद केलं, खिडक्या उघडल्या. तेव्हापासून रोज दोनदा येऊन बघतोय.”

मावशी खाली फरशीवरच बसली. “आणि बोलला नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.” त्याने पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. “तुला एवढी घाबरलेली कधी बघितली नव्हती गं. घाटात ब्रेक गेला होता तेव्हा मला वाटली नव्हती एवढी भीती वाटली. विचारलं आणि तू हो म्हणालीस तर पुढे काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.”

मावशीने वाटी त्याच्याकडे सरकवली. “आता खरं सांगा. आयुष्यात एकदा.”

त्याने एक दाणा घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. घाम पुसला. एवढ्या वर्षांत न केलेली गोष्ट करायची म्हणजे त्यालाही जड जात होतं.

“वाईट झालंय,” तो म्हणाला.

“काय वाईट?”

“बडीशेप आहे त्यात. तिखट, आंबट आणि बडीशेप. हॉटेलात बिलाबरोबर देतात तसं लागतंय.”

मावशी हसायला लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच रडली. त्याने तिला रडू दिलं. पाण्याचा पेला तेवढा आणून ठेवला.

दुसरी पिशवी त्यांनी दोघांनी मिळून केली. ती बरणी पुढे करायची, तो हुंगायचा आणि आपल्या अकलेप्रमाणे सांगायचा. “हे डेपोतल्या ग्रीससारखं.” “तो हिंग. ठेवा बाजूला.” “हे आत्याच्या कपड्यांच्या पेटीसारखं.” “लवंग.” “हे... हे स्वयंपाकासारखं.” “म्हणजे?” “म्हणजे तू फोडणी टाकलीस की जिन्यात येतं ते.” मावशीने बरणी त्याच्या हातातून घेतली. “हे जिरं.” प्रत्येक बरणीचं नाव ती कागदाच्या पट्टीवर लिहीत गेली आणि तो डिंकाने चिकटवत गेला. एका चिठ्ठीवर त्याने येडा मामा लिहिलं, ती तिने फाडली.

दाणे खरोखर चांगले झाले. हे त्याने तिला तीनदा शपथेवर सांगितलं.

“आता ऐक माझं,” डबा बंद करताना तो म्हणाला. “वास येईल परत महिन्या-दोन महिन्यांत. सर्दीतच गेलाय. तोवर बोलू नकोस कुठे. कोणाला कळतंय?”

“चिमणीला कळलंय.”

“ती कोण?”

मावशीने जिऱ्याचं सांगितलं. खेकसल्याचंही सांगितलं. “चाळीस पोती आहेत. आणि मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं.”

“नोकरी जाईल गं.”

“तीच भीती वाटतेय,” मावशी म्हणाली. “अकरा दिवस दुसरं काही वाटलेलंच नाही.”

सकाळी ती अर्धा तास आधीच कारखान्यात पोचली आणि सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेली. डबा टेबलावर ठेवला. त्यांनी दोन दाणे खाल्ले, आणखी चार खाल्ले, समाधानाने मान हलवली.

“हात माझे आहेत, नाक आमच्या यांचं आहे,” मावशी म्हणाली, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बोलताना तिने खुर्चीची पाठ धरली होती. अकरा दिवसांत पास केलेला माल तिने कागदावर लिहून आणला होता. वरच्याच ओळीत जिरं होतं.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मावशी, मग आता बघायचं कोणी?”

“चला दाखवते.”

गोदामात मावशीने चिमणीला हाक मारली. ती आली ती भीत भीतच. मावशीने पोत्यात हात घातला, मूठभर जिरं काढलं, आणि सवयीने मूठ स्वतःच्या नाकाकडे निघाली. ती तिने मधेच थांबवली आणि चिमणीच्या तळहातावर रिती केली.

“चोळ. घाई करू नको. तोंड मीट आणि नाकाने घे. काय येतंय?”

चिमणीने एकदा मालकीणबाईंकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. “कुबट,” ती पुटपुटली.

“मोठ्याने बोल.”

“कुबट येतंय. बुरशीचं.”

“परवा पण येत होतं,” मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हिचं बरोबर होतं. माझं चुकलं.”

हमालांनी पोती परत बाहेर ओढायला घेतली. मालकीणबाई मावशीचा कागद घेऊन बाकीचा माल थांबवायचे फोन करायला आत गेल्या. मावशीने खिडकीजवळच्या स्टुलावरची धूळ पदराने झटकली आणि चिमणीला खांद्याला धरून त्यावर बसवलं.

“मला नाही जमायचं, मावशी,” चिमणीचा आवाज होता त्याहून बारीक झाला. “चुकलं तर? मला फार भीती वाटते हो.”

“वाटू दे. मलाही वाटायची.”

“तुम्हाला? कधी?”

“रोज. सत्तावीस वर्षं. मूठ उघडताना दर वेळी.”

मावशीने भिंतीवरच्या खुंटीवरून पॅकिंगची टोपी काढली, केस आत दाबून डोक्यावर बसवली आणि पॅकिंगच्या ओळीत रिकाम्या झालेल्या जागी जाऊन उभी राहिली. शेजारच्या बाईने आपलं काम थांबवून तिला पाकीट कसं धरायचं, कड कुठे दाबायची ते दाखवलं. मावशीने पहिलं पाकीट वाकडं बंद केलं. दुसरं सरळ केलं.