सालईच्या बाळंतपणाला गेलेला थर्मास

मी एक जुना लाल थर्मास आहे, मित्रांनो. पण माझ्याकडे चहा मागायला येऊ नका. चहा मी कधी पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या पोटात आता काय आहे ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तुम्ही उरलेली गोष्ट ऐकणार नाही.

कारखान्यात आधी माझी काचेची एक बाटली झाली, मग तिच्याभोवती दुसरी झाली आणि दोघींच्या मधली हवा काढून घेतली. त्या रिकाम्या जागेतच माझं सगळं बळ होतं. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, बाहेरची झळ आत येऊ द्यायची नाही, एवढं एकच काम मला येत होतं. वरून लाल प्लास्टिकचा अंगरखा आणि डोक्यावर पेल्याची टोपी घालून मी खामगावच्या बाजारात येऊन बसलो.

तिथून उकंडरावांनी मला घेतलं. त्यांची बायको सत्यभामाबाई बुलढाण्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. कडाक्याची थंडी होती आणि प्यायला कोमट पाणी मिळत नव्हतं. मी रात्रभर पाणी गरम ठेवलं. घरी आल्यावर बाईंनी मला पदराने पुसलं आणि ठरवून टाकलं, की हा थर्मास फक्त बाळंतिणीसाठीच घराबाहेर निघेल. लग्नाला नाही, शेतावर नाही, पाहुण्यांच्या चहालाही नाही.

आमचं गाव धाडजवळ, टेकडीच्या पायथ्याशी. गावात कुणाचेही दिवस भरले, की आधी मला घासून ठेवायचे. "सत्यभामाचा थर्मास संगं असला म्हंजे बाई सुखरूप सुटते," असं बायका म्हणायच्या. सुटका डॉक्टर आणि नर्सबाई करायच्या, पण कौतुक मलाही मिळायचं. मी कशाला नाही म्हणू?

आमच्या गावात आणखी एक रीत होती. टेकडीवर सालईचं एक म्हातारं झाड होतं. पापुद्रे सुटलेल्या सालीचं, जखम झाली की सुगंधी डिंक गाळणारं. तो डिंक निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी द्यायची, आणि पाचवीच्या दिवशी त्याच झाडाची हातभर फांदी तोडून बाळाच्या नावाने बांधावर रोवायची. सालईची फांदी मातीत धरते. नाही धरली, तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरी. हिंदूंच्या घरचं बाळ असो की मुसलमानांच्या, फांदी सगळ्यांची. पहिला खड्डा सत्यभामाबाईच करायच्या.

पुढे दवाखान्यात गरम पाण्याचं यंत्र आलं आणि मला कुणी बोलावेना. मी फळीवर धूळ खात पडलो. एका कुंभारमाशीने माझ्या टोपीत मातीचं घर बांधलं, तेवढीच सोबत. सत्यभामाबाईंची सून संजीवनी हिला शिवम झाला, तेव्हा मी शेवटचा बाहेर निघालो होतो. शिवमची फांदी छान लागली होती. संजीवनी बाळाला कडेवर घेऊन त्या झाडाला पाणी घालायला जायची आणि दोघांची उंची मोजायची.

आणि मग, मित्रांनो, बांधावरची झाडं वाळायला लागली. आधी टेकडीवरच्या म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याला कीड लागली, मग तीच कीड बांधावर उतरली. एक वाळलं, की शेजारचं. शिवमच्या झाडाचाही शेंडा काळा पडला. ज्या आयांच्या लेकरांची झाडं वाळली, त्यांच्या जिवाची घालमेल होऊ लागली. शिवमला साधी शिंक आली तरी संजीवनीचा हात त्याच्या कपाळावर जायचा.

आणखी एक खंत जुनीच होती. ही झाडं दर वर्षी होळीच्या सुमारास फुलायची, पांढऱ्या बारीक फुलांवर मधमाश्या घोंघावायच्या, पण फळ कधी धरायचं नाही. भांडणात कुणी बोलून जायचं, "सत्यभामाच्या हातची सारी झाडं वांझोटी." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि मग खूप वेळ भांडी घासत बसायच्या.

अशात बुलढाण्याहून मंजुश्री नावाची मुलगी आली. दुर्मीळ होत चाललेल्या झाडांचा ती अभ्यास करत होती. तिने प्रत्येक झाडाचं एकेक पान घेतलं आणि पुन्हा आली ती माहिती घेऊनच. आमच्या ओसरीवर गाव जमलं. मी फळीवरून सगळं ऐकत होतो.

"प्रत्येक जिवाच्या आत त्याची ओळख लिहिलेली असते," ती म्हणाली. "थोडी आईकडून आलेली, थोडी बापाकडून. तिला डीएनए म्हणतात. मी तुमच्या सगळ्या झाडांची ती ओळख तपासली. अन् सगळ्यांची एकच निघाली. टेकडीवरचं अन् बांधावरची, ही एवढी झाडं नाहीत. हे एकच झाड आहे."

उकंडराव उठून बसले. "म्हंजे माह्या नातवाचं झाड अन् या रज्जाकच्या पोरीचं झाड भाऊबहीण हायेत?"

"भाऊबहीण नाही आजोबा, एकच."

"घ्या!" रज्जाकभाई हसले. ते धाड-बुलढाणा जीप चालवायचे. "म्हंजे काका, इतकी वर्सं तुम्ही आपल्या झाडाच्या नावानं माह्याच झाडाले पानी घालून राह्यले!"

सगळे हसले. सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत. "अन् फळ काऊन धरत नाही, बाई?"

मंजुश्री त्यांच्याजवळ जाऊन बसली. सालई स्वतःचेच पराग स्वीकारत नाही, तिला दुसऱ्या सालईचे लागतात, हे तिने हळू सांगितलं. आणि सगळ्यांचं शरीर एकच, म्हणून एकाला लागलेली कीड सगळ्यांना सारखीच बाधते. या टेकड्यांवर सालई पूर्वी भरपूर होती. तोडत तोडत हे एकच उरलं. ते गेलं, तर त्याच्यात साठवलेलं इथल्या ऊन-पावसाचं सगळं शहाणपण जाईल. त्याआधी त्याला बी धरलं पाहिजे.

"म्हंजे ते वांझ नव्हतं," बाई म्हणाल्या. "एकटं होतं."



मंजुश्रीने प्रयोगशाळेत तपासून एक जोडीदार शोधला होता. जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुड्याच्या जंगलात निरोगी सालई उभी होती, किडीला पुरून उरलेली. वनखात्याची परवानगीही मिळाली होती. पण परागांना गारवा लागतो, उन्हात ते लगेच मरतात, आणि तिच्या थर्मोकोलच्या डब्याचं झाकण एसटीच्या गर्दीत चेंगरून फुटलं होतं. इकडे बहर ओसरत आला होता. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"तो देता का?"

"तो नाही देत बाई आमी," उकंडराव घाईने म्हणाले. "तो फकस्त बाळंतपणाले निघते."

सत्यभामाबाई उठल्या. मला फळीवरून काढलं, टोपीतलं कुंभारमाशीचं रिकामं घर खरवडून काढलं आणि पदराने पुसलं, पहिल्या दिवशी पुसलं होतं तसंच.

"मंग हे काय हाय?" त्या म्हणाल्या.

संजीवनी म्हणाली, "आत्याबाई, मी जातो संगं. शिवमले तुमी पाहा."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात बर्फ भरला. मला हुडहुडी भरली, पण बूच घट्ट धरलं. सातपुड्यातल्या झाडाचे पराग इवल्याशा नळ्यांत भरून त्या बर्फात ठेवले आणि आम्ही परतीच्या एसटीत बसलो. मी संजीवनीच्या मांडीवर होतो. शेजारच्या बाईचं तान्हं बाळ रडत होतं.

"ताई, थोडं गरम पानी द्या न लेकराले."

"गरम नाही वं, याच्यात बर्फ हाय."

"बर्फ? मंग छातीशी धरून काऊन बसली?"

"याच्यात नवरदेव हाय," संजीवनी म्हणाली. "सालईचा. जळगाव जामोदचा हाय, धाडले नेऊन राह्यलो."

बाई बघतच राहिली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "अवं, मंग वरातीले बँड कुठं हाय?" आणि सगळी गाडी हसली.

मोताळ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. भर उन्हाची वेळ. सावलीला साधं बाभळीचं झाड नव्हतं. मंजुश्रीचा चेहरा उतरला. संजीवनीने आपल्या प्यायच्या पाण्याने ओढणी भिजवली आणि मला गुंडाळलं. ओढणी सुकायला लागली, तशी त्या तान्ह्या बाळाच्या आईने आपली बाटली पुढे केली. मग मागच्या बाकावरच्यांनीही. मी आतून जुना झालो होतो, मित्रांनो, पण त्या दिवशी बाहेरची झळ आत येऊ दिली नाही.

संध्याकाळी मंजुश्री टेकडीवरच्या म्हाताऱ्या सालईला लावलेल्या शिडीवर चढली. मधमाश्या आधी जाऊ नयेत म्हणून फुलांच्या काही गुच्छांवर संजीवनीने शिवमच्या जुन्या झबल्यांच्या पिशव्या शिवून बांधल्या होत्या. त्या एकेक सोडून मंजुश्रीने कुंचल्याने पराग लावले. सत्यभामाबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "हळू, माय, हळू."

घरी येऊन मला रिकामं केलं, इतक्यात रज्जाकभाई धावत आले. "भाभी, थर्मास द्या! फलकले कळा सुरू झाल्या, दवाखान्यातलं पान्याचं मशीन बंद हाय!"

फलक त्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. सत्यभामाबाईंनी चुलीवरचं उकळतं पाणी घेतलं आणि सवयीने सरळ माझ्यात ओतलं. माझी काच अजून बर्फासारखी गार होती.

एकदाच आवाज झाला. मग मी आतून नुसता खुळखुळत राहिलो.

रज्जाकभाई पितळी तांब्यात पाणी घेऊन गेले. फलकला मुलगी झाली, सुखरूप. बातमी आली तेव्हाही सत्यभामाबाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "शेवटच्या बाळंतपणानं नेलं रे तुले," म्हणत होत्या. कोणतं बाळंतपण, ते त्यांनी सांगितलं नाही.

फुलं गळाली. आणि झबल्याच्या पिशव्यांत हिरवी, तीन धारांची इवली फळं दिसू लागली. मला द्यायला नाही म्हणणारे उकंडराव खाट टाकून झाडाखाली बसले आणि पोपट हाकलू लागले. बरंच बी पोकळ निघालं. थोडंसंच भरलेलं होतं, त्यातलं मोजकंच उगवलं. म्हातारी सालई पावसाळ्यातल्या वादळात पडली, तेव्हा तिची रोपं ओसरीवर दोन-दोन पानांची झाली होती. शिवमचं झाडही तोवर वाळलं होतं. संजीवनी त्याच्या खोडाशी थोडा वेळ बसली, मग उठून रोपांना पाणी घालायला आली.

मंजुश्रीने एका रोपाच्या पानाचा कण तपासायला नेला. फोन आला तेव्हा संजीवनीने तो सासूच्या कानाला लावला.

"आजी, दोघांचं आहे. थोडं आईचं, थोडं बापाचं."

बाई नुसत्या मान हलवत राहिल्या, जणू मंजुश्रीला ते दिसत होतं.

आता सांगतो. संजीवनीने माझी फुटकी काच जपून काढली, बुडाला भोक पाडलं आणि टेकडीवरची माती भरली. माझ्या पोटात सालईचं रोप आहे. ते फलकच्या मुलीचं. फलक सासरी देऊळगाव राजाला जाईल, तेव्हा मीही जाणार. या घरातून बाळंतपणाशिवाय निघण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिवमचं रोप इथेच राहील. कीड पुन्हा येईल, पण सगळ्यांना एकदम नेऊ शकणार नाही, कारण या वेळी प्रत्येक रोप वेगळं आहे. भावंडांसारखं, नाकडोळे सारखे पण स्वभाव निराळा.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं झाड एकटंच फुलत असेल. त्याला वांझ म्हणू नका. त्याचं कुणी उरलंय का, ते शोधा. आणि झाडं लावाल, तेव्हा एकाच आईच्या फांद्या सगळीकडे रोवू नका.

मला आता ऊब धरता येत नाही. पण रोपाचं मूळ रोज थोडं खाली सरकतं आणि माझ्या भिंतीला टेकतं. लवकरच मी त्याला अपुरा पडेन. तेव्हा मला खुशाल कापा, फक्त सुरी हलक्या हाताने चालवा. आत बाळ आहे.