ए साइडचे शेवटचे गाणे

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास, बदलापूर पूर्वेस शिरगाव येथील एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, श्री. गुरुदत्त दुर्वे यांच्या दिवाणखान्यात, जवळजवळ तीस वर्षे अबाधित राहिलेला एक सिद्धांत दोन मिनिटे चौदा सेकंदांत कोसळला. साक्षीला पत्नी सुनेत्रा आणि कन्या राजसी एवढ्या दोघीच होत्या. आणि त्या दोघींनीही प्रसंगाला साजेसे गांभीर्य राखले नाही, अशी गुरुदत्तरावांची तक्रार आहे.

सिद्धांत एका गाण्याविषयीचा होता. १९९६ साली, अंबरनाथला राहून कॉलेजचे दुसरे वर्ष करत असताना, गुरुदत्तरावांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून एक कॅसेट आणली होती. तिथल्या एका दुकानात परदेशी रॉकची निवडक गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून मिळत. कॅसेटवर चित्र नव्हते, गायकांची नावे नव्हती. निळ्या शाईत 'इंग्लिश मिक्स' एवढेच लिहिलेले होते. ए साइडवर सात गाणी होती. त्यांतले सातवे गुरुदत्तरावांच्या तारुण्यात असे घुसले, की पुढची दोन वर्षे त्यांनी केस कापले नाहीत आणि ते वडिलांशी धड बोललेही नाहीत.

सुरुवातीला एकटी गिटार, जणू कोणी जिन्यावरून जड पेटी ओढत नेत आहे. मग एक रुसलेला आवाज. हा माणूस खूप वर्षांनी कुठल्याशा घरी परततो, पायऱ्या मोजतो, ड्रम चढत जातात, आणि ऐन भरात तो म्हणतो, 'मी दार उघडले आणि...' बस. खट्. गाणे संपले.

या 'आणि'वर गुरुदत्तरावांनी आपली बौद्धिक कारकीर्द उभारली. सामान्य गायकाने दारामागचे सांगून टाकले असते. या गायकाने श्रोत्याला उंबरठ्यावर सोडले, यातच त्याचे थोरपण, असे प्रतिपादन करणारा 'अपूर्णतेचे सामर्थ्य' हा त्यांचा लेख कॉलेजच्या वार्षिकांकात छापून आला. तीन पाने आणि अकरा तळटीपा. पैकी नऊ तळटीपांमध्ये लेखकाने स्वतःच्याच मतांचा आधार घेतला होता.

या गाण्याचा दुसरा भक्त म्हणजे त्यांचा कॉलेजमधला मित्र समीर फणसे. तो गिटार वाजवी. त्याचे एकच म्हणणे असे, "गुरु, टेप संपली असेल रे." त्यावर गुरुदत्तराव त्याला पाऊण तास समजावीत. अखेर १९९७च्या गॅदरिंगमध्ये दोघांनी ते गाणे सादर केले आणि ठरल्याप्रमाणे 'आणि'वर थांबले. सभागृहाला गाणे संपल्याचे कळले नाही. वायरमन स्विचबोर्डाकडे धावला, मागच्या रांगांतून हशा उसळला. तेवढ्यात समीरने गिटार पुन्हा सुरू केली. तेव्हा गुरुदत्तरावांनी माइक हातात घेऊन शुद्ध मराठीत जाहीर केले, "गाणे संपलेले आहे. गिटारवादक चुकीचे वाजवत आहेत."

समीरने गिटार पिशवीत घातली आणि तो मागच्या दाराने निघून गेला. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. त्यानंतर दोघांत शब्द नाही. आपण माफी का मागावी, हे गुरुदत्तरावांना कधी उमगले नाही; कारण जे बोललो ते वस्तुस्थितीला धरून होते. पुढे ते अंबरनाथच्या रंगांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागले. छटा केसभर जरी फिकी असली तरी अख्खे पिंप परत पाठवण्याचा अधिकार त्यांना मिळाला, आणि स्वभावाला मोकळे रान मिळाले.

आणि त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी अचानक समीरचा मेसेज आला. 'गुरु, सोनिवलीला फ्लॅट घेतलाय. तेवीस तारखेला वास्तुशांत. गिटार काढतोय. सात नंबर करू. येशील ना?'

गुरुदत्तरावांनी तो मेसेज अकरा वेळा वाचला. बाथरूममध्ये जाऊन डोळ्यांवर पाणी मारले. मग बाहेर येऊन उत्तर लिहिले: 'अवश्य येतो. मात्र गाणे जिथे संपते तिथेच संपेल, हे गृहीत धरावे.'

"अहो," सुनेत्राने खांद्यावरून डोकावून पाहिले, "माणूस घरी बोलावतोय. तुम्ही करारनामा काय पाठवताय?"

"नंतर गोंधळ नको."

"गोंधळ तुम्हीच घातला होता ना? मी म्हणते, साधं 'येतो' लिहिता येत नाही का तुम्हाला?"

तोवर उत्तर गेले होते. समीरने उलट फक्त एक अंगठा पाठवला. तो अंगठा गुरुदत्तरावांना आपल्या सिद्धांताची उशिरा का होईना मिळालेली मान्यता वाटला.

अशा प्रसन्न मनःस्थितीत त्या रविवारी राजसीने विचारले, "बाबा, एकदा ऐकवा तरी ते तुमचं गाणं."

"टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलाय."

"मग फोनवर शोधू की. नाव काय?"

"नाव ठाऊक नाही. आणि ज्याच्याकडे मूळ प्रत आहे, त्याने इतरत्र का शोधावे?"

"गुणगुणा फक्त."

आढेवेढे घेऊन ते गुणगुणले. फोनने क्षणभर विचार केला आणि नाव, गाव, साल, सारे पडद्यावर मांडले. उत्तर इंग्लंडातले चौघे होते, साल १९९४. राजसीने गाणे लावले. जिन्यावरची पेटी ओढली जाऊ लागली. गुरुदत्तरावांनी डोळे मिटले, पायऱ्या मोजल्या, 'मी दार उघडले आणि' पाशी हात वर करून श्वास रोखला.

गायक पुढे गात राहिला.

दार उघडले आणि आत त्याची आई स्वयंपाक करत होती. मग लहान मुलांचा कोरस आला. मग चक्क ट्रम्पेट. दोन मिनिटे चौदा सेकंद.

"हा भाग प्रक्षिप्त आहे," गुरुदत्तराव म्हणाले.

"प्र काय?"

"मागाहून कोणी तरी घुसडलेला."

"बाबा, ओरिजिनल आहे हे. पाच मिनिटं एकोणचाळीस. इथे लिहिलंय."

सुनेत्रा पदर तोंडाला लावून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, त्यावरून ती काय करत होती हे समजण्यासारखे होते.

तरीही पुराव्यावाचून निर्णय द्यायचा नाही, हा गुरुदत्तरावांचा दंडक. बुधवारी कारखान्यातून लवकर सुटून ते स्कूटरवरून थेट कॅम्प तीनला गेले. दुकान होते, पण आता तिथे मोबाईलची कव्हरे लटकत होती. आत खुर्चीवर ऐंशीच्या घरातले मालक खूबचंद शेठ बसले होते. गुरुदत्तरावांनी पिशवीतून कॅसेट काढून समोर ठेवली. शेठने ती उलटसुलट केली आणि लेकराची पत्रिका पाहावी तसे हसले.

"मेरा ही अक्षर है, साईं. कहाँ से निकाला?"

"यातले सातवे गाणे अर्धवट का आहे?"

"साठ मिनिट की टेप थी. एक बाजू में तीस मिनिट. गाने तीस से ज्यादा के. तो आखरीवाला कटेगा ना, बाबा!"

"पण मग गाणी सहाच घ्यायची!"

"सहा लिया तो पब्लिक बोलती, कम दिया. सात दिया तो सब खूश. पूरा अंबरनाथ यही टेप ले गया."

"कोणी तक्रार केली नाही?"

शेठने चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुम आज आये हो ना!"

परतताना गुरुदत्तरावांनी मनाशी हिशेब मांडला. आपण चुकलो, हे सिद्ध झाले. समीर बरोबर होता, हेही सिद्ध झाले. उरला प्रश्न एकच: ज्याला भर सभागृहात खोटे पाडले आणि पुन्हा अटही घातली, त्याच्या घरी गप्प बसून जेवून यायचे की बोलायचे? गप्प बसलो तर समीर रविवारी 'आणि'वर मुकाट थांबेल. तसा तो थांबलाच, तर हा मित्र आपल्याला परत मिळूनही मिळणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. त्या रात्री त्यांनी चार परिच्छेदांचे निवेदन लिहिले. सुनेत्राने ते वाचून तीन परिच्छेद गाळायला सांगितले. त्यांनी एक वाढवला.

तेवीस तारखेला सोनिवलीच्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, समीर कपाळाला कुंकू आणि अंगावर नवे उपरणे अशा थाटात दारात उभा होता. डोक्यावर केस असे उरले नव्हते.

"ये रे गुरु! पोट केवढं सुटलंय तुझं!"

"समीर, मला एक निवेदन करायचे आहे."

"आधी शिरा खा."

"आधी निवेदन." त्यांनी खिशातून कागद काढला; पण अक्षरे डोळ्यांसमोर ठरेनात, म्हणून तो तसाच हातात धरला. "सात नंबर पुढे आहे. दोन मिनिटे चौदा सेकंद. टेपच संपली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गॅदरिंगच्या आधीच्या गुरुवारपासून. दुकानात जाऊन विचारलं होतं मी. त्यांनी पूर्ण वाजवून दाखवलं."

"आणि मला सांगितले नाहीस?"

"तुझा लेख आला होता रे छापून. तू वडापाववाल्यालासुद्धा प्रत दिली होतीस. काय सांगणार?"

"मग स्टेजवर पुढे का वाजवलेस?"

समीरने उपरण्याने घाम पुसला. "ते तुला हसत होते. मला वाटलं, पुढचं थोडं वाजवलं तर त्यांना कळेल, गाणं अजून आहे. मग कोणी हसणार नाही."

गुरुदत्तरावांनी पाच परिच्छेदांच्या निवेदनाची घडी घातली. त्या संपूर्ण संध्याकाळी रंगमंचावर जे एकच काही बरोबर वाजले होते, तेवढेच गुरुदत्तरावांनी निवडून चूक ठरवले होते. आणि तेही गुणवत्ता तपासणीची नोकरी लागण्याआधी.

ते तडक हॉलमध्ये गेले. सोफ्यावर, चटयांवर, खिडकीच्या कट्ट्यावर पाहुणे बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "१९९७ साली मी असे जाहीर केले होते की, गिटारवादक चुकीचे वाजवत आहेत. ते विधान मी मागे घेतो. चुकलो होतो तो मी."

"कोण आहेत हे?" एका काकांनी शेजारच्यांना विचारले.

"नव्या सोसायटीचे सेक्रेटरी असतील," शेजारी म्हणाले.

समीरची बायको वृंदा हसत हसत आतून गिटार घेऊन आली. समीर स्टुलावर बसला. गुरुदत्तरावांनी निवेदनाचा कागद उलटा केला. मागच्या बाजूला उरलेल्या कडव्यांचे शब्द राजसीने लिहून दिले होते. दोघांनी सुरुवात केली. पेटी जिन्यावर अडखळली, पुन्हा ओढली गेली. 'मी दार उघडले आणि' पाशी समीरने सवयीने मान वर केली आणि वाट पाहिली. गुरुदत्तराव पुढे गायले. आई स्वयंपाक करत होती तिथे त्यांचा आवाज फाटला, कोरसात ताल सुटला, ट्रम्पेटची जागा समीरने तोंडाने भरून काढली, आणि दोघेही हसू आवरत, धापा टाकत एकदाचे शेवटाला पोचले.

पंख्याखालच्या खुर्चीत समीरची आई, माई, जपमाळ मांडीवर ठेवून सबंध वेळ ऐकत होती.

"माई, कसं झालं?" समीरने विचारले.

"मी तेव्हा गॅदरिंगलाही दुसऱ्या रांगेत होते," माई म्हणाली. "गाणं बरं आहे. तुम्हा दोघांनाही ते येत नाही."