खालचं दार उघडं असताना

आनंदराज सोयाबीनच्या टाकीत गुदमरून मेला, हे भागवतला सकाळी कारखान्याच्या गेटवरच कळलं. वॉचमनचं बोलणं संपायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी तर त्याला विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. लातूरजवळच्या त्या तेल कारखान्यात भागवत सुपरवायझर. माणसांना काम शिकवणं त्याच्याकडे. उंच लोखंडी टाकीत सोयाबीन साठवतात. ओल लागली की वरचा थर घट्ट होतो, त्याची पापडी होते. आत उतरून ती बांबूनं फोडावी लागते. त्या वेळी टाकीचं खालचं दार बंद पाहिजे. ते उघडं असलं तर माल खाली सरकतो आणि वर उभा असलेला माणूस बघता बघता आत ओढला जातो. हे सांगून झालं की भागवत म्हणायचा, "समजलं ना?" सगळे म्हणायचे, "हाव साहेब."

मालकही म्हणाले, "तू विचारलंस, तो हाव म्हणाला. आपली बाजू साफ आहे." ते ऐकून भागवतला बरं वाटलं.

काही दिवसांनी आनंदराजची बायको महामाया जळकोटहून त्याचे कपडे आणि डबा न्यायला आली.

"शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं म्हणं. काय विचारलं व्हतं त्यांना?"

"समजलं ना, म्हणून विचारलं, ताई. हाव म्हणाला."

महामाया किंचित हसली. भागवतला ते हसणं सहन झालं नाही.

"ते हावच म्हणणार. डबा बरा व्हता का, असं मी रोज विचारायचे. रोज हाव. एकदा विचारलं, आज भाजीत काय कमी व्हतं? तर म्हणले, कमी काय न्हाई, लग्न झाल्यापसून मीठच लई टाकायलीस."



"सायबाच्या तोंडावर न्हाई कोण म्हणतंय? उद्या कामावर घेत्याल का? समजलं का, असं कशाला विचारता? काय समजलं, ते विचारा की."

तिनं डबा पिशवीत घातला आणि ती बस धरायला निघाली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या टाकीत पापडी धरली. मालकांना माल लगेच हवा होता. मुखेडचा दयानंद बांबू घेऊन शिडीपाशी आला. भागवतनं त्याला काम सांगितलं. "समजलं ना" ओठावर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"दयानंद, आत गेल्यावर काय करशील? तू सांग."

दयानंद खाली बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला नका विचारू साहेब, लग्नात बी त्यानं मान हलवूनच भागवलं." सगळे हसले. भागवत मात्र वाट बघत थांबला.

"पापडी फोडीन," दयानंद म्हणाला.

"आणि नाही फुटली तर?"

"तर दार उघडा म्हणून हाक मारीन. खालून माल निघाला की पापडीखाली पोकळ होतंय. दोन लाथांत फुटती."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भागवत शिडी अडवून उभा राहिला.

"हे कुणी शिकवलं?"

"आनंदराजदादानं. आमाला समद्यांना त्यानंच शिकवलं. रात्रपाळीला बी."

"अरे, दार बंद ठेवा असं मी सांगितलं होतं ना?"

"हाव. चढताना बंदच असतंय की."

भागवतनं त्याच्या हातातला बांबू काढून घेतला. अरे देवा, ही माणसं एकमेकांना मरण शिकवत होती आणि आपण त्यावर रोज हाव म्हणवून घेत होतो!

मंडळी, आपणही दुकानात, दवाखान्यात, शेतावर कुणाला तरी काम शिकवतोच. "समजलं ना?" विचारून आपण फक्त स्वतःला मोकळं करून घेतो. काम कसं करशील, अडलं तर काय करशील, हे समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावं. तो गप्प बसला तर आपणही गप्प बसून वाट पाहावी. त्याच्या मनात काय आहे ते वेळेवर ऐकलं, तर एखादा जीव वाचतो.

त्या दिवशी भागवतनं कुणालाच टाकीत उतरू दिलं नाही. दिवसपाळीच्या एकेकाला जवळ बसवून विचारलं. मालक रागावले. रात्रपाळी तुझ्याकडे नाही, असंही त्यांनी बजावलं. संध्याकाळी भागवत घरी गेला नाही, गेटवरच उभा राहिला. रात्रपाळीची माणसं यायची आहेत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.