अडकलेला डफ

मित्रांनो, उमरग्यातल्या या घराच्या भिंतीवर दोन डफ टांगलेले आहेत. ज्याच्या कडेला पितळी पट्टी आहे, तो घरधनी पाशामियाँचा. शेजारचा काळवंडलेला जुना डफ म्हणजे मी. पण मी या घरचा नव्हे हो! मी माकणीच्या दगडोबा शाहिराचा. इथं कसा आलो आणि इथंच कसा सडलो, ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही. हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं.

माझं कडं आंब्याच्या लाकडाचं. तेर गावच्या सिदूनं ते वळवलं आणि बकरीच्या कातड्यानं मला मढवलं. वाळल्यावर त्यानं एक टिचकी मारली आणि दगडोबाला म्हणाला, "घ्या, आता बोलतंय बघा." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुशारून होतो.

दगडोबा दिवसभर शेतात राबायचा आणि संध्याकाळी गायचा. गाण्याआधी तो मला कडब्याच्या जाळावर शेकायचा, कारण कातडं सैल पडलं की आवाज बसका येतो. ऊब लागली की मी ताठ व्हायचो. मग त्याची बोटं पडायची आणि माझ्या अंगात नुसता उत्साह संचारायचा. पारावर बसलेली माणसं बिडी विझवून ऐकायची. काय दिवस होते ते!

दरसाल उमरग्याच्या उरुसात दिवेलागणीला सवाल-जवाब व्हायचे. एका शाहिरानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं. तेव्हा कर्णा नव्हता, भोंगा नव्हता. गळा, डफ आणि तुणतुणं, बस्स! निजामी गेली त्या साली सगळीकडं उलथापालथ झाली आणि हा कार्यक्रम बंद पडला. पुढं बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा सुरू केला, तो याच दोघांनी, दगडोबानं आणि पाशामियाँनी. पहिल्या सवालाला म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिथली एक रीत होती. जो हरेल त्याचा डफ जिंकणाऱ्याच्या घरी राहायचा. त्याला डफ अडकला म्हणत. पुढच्या उरुसात जवाब गायचा, बैठकीनं 'सुटला, सुटला!' असा पुकारा करायचा आणि मगच डफ परत न्यायचा. तोवर त्या शाहिरानं दुसऱ्या डफाला हात लावायचा नाही. यात वैर नव्हतं, मित्रांनो. पुढच्या साली यायलाच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग एका साली पाशामियाँनी सवाल घातला, 'सावलीची आई कोण, उजेड की अंधार?' दगडोबा उभा राहिला, त्याची बोटं माझ्यावर फिरली आणि थांबली. गाणं काही येईना. घामानं माझं कातडं ओलं झालं. शेवटी त्यानं मला दोन्ही हातांनी उचलून पाशामियाँच्या हातात दिलं.

"सांभाळा पाशाभाई. पुढल्या उरसाला सोडवून नेतो," तो म्हणाला.

"जीव लावून सांभाळतो. पण येताना जवाब घेऊन या, मला बी ऐकायचाय," पाशामियाँ म्हणाले.

त्यांच्या बायकोनं, कुलसुमबीनं, मला धुरापासून लांब टांगलं. पावसाळ्यात ती मला चुलीपाशी धरून शेकायची. शेजारीण हसली तर म्हणायची, "पराये की अमानत है, बाई. खराब झाली तर तोंड कसं दाखवू?" खोटं का बोलू, त्या घरात माझी कुठंच आबाळ झाली नाही. पण मला दगडोबाची बोटं हवी होती.

उरूस आला. दगडोबा आला, चेहरा कसा उजळलेला! वर्षभर शेतात गुणगुणत त्यानं जवाब रचला होता. कुलसुमबीनं मला शेकून बैठकीत आणून ठेवलं. आणि मित्रांनो, त्याच वेळी समोरच्या लिंबावर बांधलेला भोंगा कोकलायला लागला! बॅटरीवर चालणारं ते नवं यंत्र कुणीतरी सोलापुराहून आणलं होतं. त्यातून सिनेमाची गाणी अशी सुटली की कान किटले. बैठकीतली माणसं एकेक करून उठली आणि लिंबाखाली जाऊन तोंड वर करून उभी राहिली. भोंगा थांबवा म्हणून पाशामियाँनी उरुसाच्या पंचमंडळींना विनवलं, तर ते म्हणाले, "तुमी गा की, तुमाला कोण नगं म्हणतंय?"

दगडोबा गायला. खरंच गायला! मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. मी त्याच्यासमोर पडलो होतो, तरी मला एक ओळ ऐकू येईना. पाशामियाँ कानामागं हात धरून पुढं सरकत होते. गाणं संपलं, पुकारा करायला तिथं कुणी नव्हतं.

"न्या डफ, दगडोबा. म्या हरलो," पाशामियाँ म्हणाले.

"जवाब ऐकलाव का?"

पाशामियाँनी मान खाली घातली. "न्हाय ऐकू आला. घरी चला. चहा घेऊ, तिथं गावा. आमी दोघं ऐकतो."

"आन् माकणीत काय सांगू? चहा पिऊन सोडवला म्हणून? न्हाय पाशाभाई. बैठकीत अडकलाय, बैठकीतच सुटंल."

अरे, काय हा हट्ट! मला ओरडावंसं वाटत होतं, ने रे बाबा मला, नसला पुकारा तर नसला. पण डफाला स्वतःहून बोलता येतं होय? तो निघून गेला. पुढच्या साली भोंगे दोन झाले आणि सवाल-जवाबाचं कुणी नावच काढलं नाही. दगडोबा आला, कडेला बसला आणि तसाच परत गेला. त्यानंतर आलाच नाही. पाशामियाँनी दोनदा निरोप धाडला, 'मी माकणीला येतो, गा.' दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'उरसातच गाईन.'

मग एका दुपारी दगडोबाची बायको सत्यभामा दारात उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. कुलसुमबीनं पाहिलं आणि काही न विचारता तिला जवळ घेतलं. फार वेळ दोघी रडत होत्या. मी भिंतीवर होतो. माझा मालक गेला होता आणि मला साधं रडतासुद्धा येत नव्हतं.

पाशामियाँनी मला खाली काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "घेऊन जावा, भाबी. तुमचाच हाय."

तिनं माझ्या कातड्यावरून हात फिरवला. "त्यांनी न्हाय नेला. म्या कशी नेऊ?"

पाशामियाँनी विचारलं, "बरं, एवढं तरी सांगा. सावलीचा जवाब काय होता? तुमाला ठाव आसंल. वर्षभर तुमच्यासमोरच गुणगुणत होते ना?"

सत्यभामानं माझ्यावरचा हात काढून घेतला.

"व्हय, गुणगुणायचे. औत धरताना, जेवताना. म्या आपली कामात. एकदा म्हणाले, ऐक गं जरा. म्या म्हणलं, रिकामपणी ऐकंन." तिनं पदर तोंडाला लावला. "ऐकलंच न्हाय, पाशाभाई. एकदा बी न्हाय."

ती गेली. पाशामियाँनी आपला डफ माझ्याशेजारी टांगला आणि गाणं सोडलं. आता माझ्या कातड्याला चीर गेली आहे. कुलसुमबीचे हात थकले, शेकायला कुणी नाही. मला परत मढवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कुणासाठी वाजू? तो जवाब या जगात कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी गुणगुणत असेल. वडील असतील, आजी असेल. तुम्हाला काम असेल, अभ्यास असेल, खेळ असेल. ते राहू द्या. आज घरी जा, त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मोठ्यानं म्हणा की जरा, मी ऐकतोय."