मान टाकणारा स्टँड

स्टँड विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, मान वळवाल तशी राहील." घरी आणून मिस्त्रीने त्यात फोन अडकवला. मान दहा मोजेपर्यंत ताठ राहिली आणि मग नापास झालेल्या पोरासारखी हळूहळू खाली गेली.

"अगदी तुमच्यावर गेलाय," बायको म्हणाली. "हो म्हणतो आणि मनाचंच करतो."

"या घरात माझ्या मनाचं कधी झालंय?"

"झालंय की. हा स्टँड तुमच्या मनानेच आलाय ना?"

पण हा स्टँड हौसेचा नव्हता. मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा तिने पाहिली नाही, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा प्रश्नच नाही. आईने घरातल्या घरात हातांची एक भाषा जुळवली होती. आई गेल्यावर ती भाषा जाणणारी दोनच माणसं उरली, ताई आणि मिस्त्री, आणि तीही दोन गावांना. फोनवर एकमेकांचं तोंड दिसायला लागलं तेव्हा दोघांना कोण आनंद झाला. पण एका हातात फोन धरला की मिस्त्री अर्धा मुका. ताई चिडायची. 'तोंडात घास धरून बोलू नको,' अशी खूण करायची.

त्यात फोनची बॅटरी म्हणजे गळकी टाकी. वायर लावूनच बोलावं लागे. म्हणून हा स्टँड घेतलेला. एका टोकाला ओट्याच्या कडेला लावायचा चिमटा, दुसऱ्या टोकाला फोन धरणारा पंजा, मध्ये हातभर लांब वाकणारी मान आणि त्या मानेच्या पोटातूनच गेलेली चार्जिंगची वायर.

आज ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वेळ दुपारी चारची. तोवर घरी जाऊन बायकोच्या हातात फोन द्यायचा आणि ताईशी निवांत बोलायचं, असं मिस्त्रीने ठरवलं होतं. पण अकरालाच भाचीचा फोन आला. मिस्त्री तेव्हा एका रिकाम्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सिंक बसवत होता.

"मामा, नंबर लवकर लागला. आणि आई बाकावरून उठत नाही."

"तू काय सांगितलंस तिला?"

"मला कुठे सगळं येतं? डोळ्यांवर हात ठेवला, म्हटलं, पट्टी बांधतील. तेव्हापासून बाक सोडत नाही."

"एका डोळ्यावर ठेवलास की दोन्ही?"

"दोन्ही."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. ताईचे डोळे म्हणजेच तिचे कान. दोन्ही झाकणार म्हटल्यावर ती कशाला उठेल?

"मामा, डॉक्टर आज बाहेरगावी जाणार आहेत. आज नाही, तर दोन महिन्यांनी. आणि ते म्हणतात, दोन महिन्यांत तिला समोरचं माणूसही दिसायचं नाही."

समोरचं माणूस दिसलं नाही, तर त्याचे हात कुठून दिसणार? आणि हात दिसले नाहीत, तर ताईशी बोलायचं कसं? मिस्त्रीने दुकानात परत करायला पिशवीत टाकलेला स्टँड काढला, ओट्याला लावला, बटण दाबलं. फोन चार्ज व्हायला लागला. बॅटरी पाच टक्के. पडद्यावर ताई आली. केस विस्कटलेले, एक हात बाकाच्या दांडीला घट्ट. मिस्त्रीने दोन्ही हात वर केले, एक बोट उभं धरलं, आणि स्टँडने मान टाकली. ताईला दिसली असेल ती फरशी.

त्याने मान उचलली. ती पडली. फोन ओट्यावर उभा करून टाइल्सला टेकवला. तो घसरला आणि आडवा झाला. पुन्हा स्टँडमध्ये घातला.

"मामा, नुसतं छत दिसतंय. आता तर पायच दिसतायत."

"थांब गं जरा. हा मेला उभा तर राहू दे."

चिमट्याच्या वर, जिथे मान सुरू होते तिथे, एक नट होता. मिस्त्रीला नट दिसला आणि चाळीस वर्षांची सवय हाताला आली. गळतंय, तर पिळ. पिळून झालं, तर आणखी अर्धा आटा. त्याने पाना लावला आणि अंगातला सगळा राग त्या नटावर काढला. मान कणभरही ताठ झाली नाही. आतून मात्र कट् असा आवाज आला. पडद्यावरची चार्जिंगची खूण गेली. मानेबरोबर आतली वायरही पिळली होती.

दुसरी वायर नाही. बॅटरी सहा टक्के.

"मामा, नर्स दुसऱ्या पेशंटला बोलावतेय."

मिस्त्रीने पाना खाली आपटला. स्टँडची मान पार लटकली होती, फोनचं तोंड थेट जमिनीकडे. या मेल्याला खालीच बघायचं आहे, तर बघू दे. मिस्त्रीने सिमेंटची रिकामी गोणी अंथरली आणि तो फोनच्या खाली उताणा झाला. आयुष्यभर बेसिनखाली असाच तर पडला होता तो, दोन्ही हात वर करून.

आता ताईला तो डोक्यापासून कमरेपर्यंत दिसला. पण जमिनीवर पडलेला भाऊ बघून तिने छाती धरली. काय झालं, कोणी मारलं? काही नाही, मी ठीक आहे, हे सांगण्यात दोन टक्के गेले.

मग मिस्त्री बोलला. एक बोट. एक डोळा. दुसरा उघडा. कोपरातून मूठ वर उचलली, म्हणजे सूर्य उगवला की पट्टी सुटणार. ताईने मान हलवली, खोटं. त्याने हनुवटीला बोट लावलं. आईच्या हनुवटीवर तीळ होता आणि आईची शपथ अशीच घ्यायची. मग पुन्हा एक बोट, एक डोळा.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. दांडीवरचा हात सुटला, वर आला, काहीतरी सांगू लागला आणि पडदा काळा झाला.

मिस्त्री काळ्या पडद्याखाली पडून राहिला. मग उठला आणि तीन जिने उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दुकानदाराने वायर दिली, वर ऐकवलं, "मिस्त्री, सगळ्या गावाला पाणी देता, फोनला करंट नाही होय?" मिस्त्रीला हसू आलं नाही. फोन सुरू होईपर्यंत त्याने काउंटरवरच्या बरणीचं झाकण चारदा उघडलं आणि चारदा लावलं.

"मामा, गेली आत," भाची म्हणाली. "स्वतःच्या पायांनी. नर्सला बाजूला करून."

मिस्त्रीने झाकण आणखी घट्ट पिळलं.

"पण जाताना काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मूठ अशी गरगर फिरवली, मग काडी मोडल्यासारखं केलं आणि माझ्या फोनकडे बोट दाखवलं. काही हवंय का तिला?"

लहानपणी मिस्त्रीने ताईच्या खेळण्यातल्या चावीच्या बदकाला अशीच जास्त चावी देऊन ते मोडलं होतं. तेव्हापासूनची ती खूण. त्याच्या शेजारी जमिनीवर पडलेला पाना तिला दिसला असणार. इतक्या अंधूक डोळ्यांनी नेमका तोच.

"काही नको तिला," मिस्त्री म्हणाला आणि बरणीचं झाकण जरा सैल करून ठेवलं. "मला शिव्या घालून गेलीय."